मेलची मूळ प्रत कुठे असते?



स्मृतिव्याख्यानासाठी ई-मेलच्या साठवणीसारखा विषय निवडला जावा, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु माणसाची किंवा संस्थेची स्मृती जपायची तर तिचा पत्रव्यवहार जपावा लागतो, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला पत्रव्यवहार बहुतांशी कागदावर उतरलेलाच नाही. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे ग्रंथरूपाने मराठी वाचकांच्या हाती आली, कारण ज्यांना ती लिहिली गेली होती त्यांनी ती सांभाळून ठेवली होती. आजचा लेखक, आजचा संशोधक, एखाद्या वाचनालयाचा किंवा गृहनिर्माण संस्थेचा आजचा चिटणीस जी पत्रे लिहितो, ती कोणत्या कपाटात जातात? ‘संगणकात’ असे एक उत्तर मिळते, ‘इंटरनेटवर’ असे दुसरे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि या अपुऱ्या समजुतीपायी वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार एका दुपारी हातचा जातो.

आलेला मेल प्रथम सर्व्हरवर उतरतो. सर्व्हर म्हणजे मेलची सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा वा संस्थेचा अहोरात्र चालू असणारा संगणक. तिथला मेल ब्राउझरमधून तिथल्या तिथे वाचता येतो, किंवा घरच्या-कचेरीतल्या संगणकावर थंडरबर्ड, आउटलुक, ॲपल मेल यांसारखा स्वतंत्र प्रोग्रॅम बसवून त्यात आणता येतो. या दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्रॅमला डेस्कटॉप मेल प्रोग्रॅम म्हणतात. तो सर्व्हरशी बोलतो, मेल आणतो आणि संगणकाच्या डिस्कवर फाईलच्या रूपात ठेवतो. म्हणजे एकाच मेलला दोन ठिकाणे मिळतात. या दोहोंपैकी मूळ प्रत कोणती आणि नक्कल कोणती? प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन एवढेच आहे की या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही; एकसारख्या दिसणाऱ्या खिडकीमागे परस्परविरुद्ध अशा दोन व्यवस्था नांदतात, त्यांतल्या एकीत डिस्कवरची फाईल हीच मूळ प्रत असते आणि दुसरीत ती सर्व्हरच्या हुकमात वागणारी नक्कल असते, आणि आपण कोणत्या व्यवस्थेत आहोत हे प्रोग्रॅम वापरणाऱ्याला आपणहून सांगत नाही.

पहिली व्यवस्था पॉप या नावाने ओळखली जाते. प्रोटोकॉल म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी बोलताना पाळायचे ठरीव नियम, आणि पॉप हा सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याचा प्रोटोकॉल आहे. त्याचे पहिले रूप १९८४ सालचे. आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९८८ मध्ये मांडली गेली आणि १९९६ मध्ये प्रमाण रूपात स्थिरावली. तिच्यामागची कल्पना सरळ आहे. सर्व्हर ही मेल येऊन पडण्याची तात्पुरती जागा. प्रोग्रॅमने जोडणी करायची, आलेले सगळे मेल आपल्या डिस्कवर उतरवायचे, सर्व्हरवरचे पुसायला सांगायचे आणि जोडणी सोडून द्यायची. पाठवलेल्या मेलची प्रतही वापरणाऱ्याच्याच डिस्कवर राहते, कारण पॉपला सर्व्हरवरचा फक्त इनबॉक्स दिसतो आणि तिथे फोल्डर नावाची गोष्टच त्याला ठाऊक नसते. या व्यवस्थेत मूळ प्रत कुठे असते, याबद्दल शंकेला जागा नाही. ती वापरणाऱ्याच्या डिस्कवर असते, आणि बहुधा फक्त तिथेच असते.

ही व्यवस्था तिच्या काळाला साजेशी होती. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई आणि इतर काही महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा जोडणी घरच्या टेलिफोनवरून होत असे, जोडणीचा हिशेब तासांत होत असे आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून राहत असे. ज्यांच्याकडे साधे, फक्त अक्षरे दाखवणारे खाते होते, ते सर्व्हरवरच चालणाऱ्या पाइनसारख्या प्रोग्रॅममध्ये मेल वाचत, आणि त्यांच्या स्वतःच्या संगणकावर काहीच उरत नसे. ज्यांच्याकडे पूर्ण जोडणीचे खाते होते, ते यूडोरा किंवा आउटलुक एक्स्प्रेस उघडून मेल भराभर उतरवून घेत, फोन तोडत आणि मग सावकाश वाचत. अशा वापराला पॉप अगदी योग्य होता. त्यातला एक बारकावा इथे नोंदवण्याजोगा आहे. पॉपच्या नियमांनुसार ‘हा मेल पुसा’ असे सांगितले की सर्व्हर तो लगेच पुसत नाही, नुसती खूण करून ठेवतो. प्रोग्रॅमने रीतसर निरोप घेतल्यावरच तो खरोखर पुसला जातो. उतरवणे चालू असताना मध्येच टेलिफोनची लाइन तुटली तर निरोप घेतलाच गेला नाही असे धरले जाते आणि सर्व्हर सगळे मेल जसेच्या तसे ठेवतो. पुढच्या जोडणीत तेच मेल पुन्हा उतरत, आणि लोक वैतागत. पण त्या वैतागामागे नियम बनवणाऱ्यांची किती मोठी काळजी होती! मेल दोनदा आला तरी चालेल, पण दोन्हीकडून नाहीसा होता कामा नये, ही ती काळजी.

पुढे पॉपमध्ये ‘सर्व्हरवर प्रत राहू द्या’ अशी सोय आली. त्यासाठी सर्व्हर प्रत्येक मेलला एक स्वतंत्र ओळखखूण देतो आणि कोणत्या खुणांचे मेल आधीच उतरवले आहेत याची यादी प्रोग्रॅम आपल्यापाशी ठेवतो. त्यामुळे घरी आणि कचेरीत असे दोन्हीकडे मेल उतरवता येऊ लागले. पण दोन्ही संगणकांवरच्या प्रती परस्परांशी काहीही नाते नसलेल्या राहिल्या. एकीकडे वाचलेला मेल दुसरीकडे न वाचलेला दिसे, एकीकडून दिलेले उत्तर दुसरीकडे सापडतच नसे.

या अडचणीचे उत्तर पॉपच्या प्रमाणित रूपाआधीच तयार झालेले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आयमॅप या प्रोटोकॉलची रचना केली, आणि नंतर वॉशिंग्टन विद्यापीठात राहून ते दीर्घकाळ त्याच्या सुधारणेत गुंतले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. चौथी आवृत्ती १९९४ ची. २००३ च्या सुधारित रूपावर आजचा बहुतेक व्यवहार चालतो आणि त्याचे पुढचे रूप २०२१ मध्ये आले. मोबाइलवर वाचलेला मेल टेबलावरच्या संगणकावरही वाचलेला दिसतो, ही आज गृहीत धरली जाणारी सोय ज्यांच्या रचनेने शक्य केली, त्या माणसाचे नाव संगणकशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणी घेत नाही, हे खेदाचे आहे.

आयमॅपने मेलचे घरच बदलले. मेल सर्व्हरवर राहतो, फोल्डर सर्व्हरवर राहतात, मेल वाचला की नाही, त्याला उत्तर दिले की नाही, त्यावर तारांकित खूण केली की नाही, हेही सर्व्हरवरच नोंदले जाते. डेस्कटॉप प्रोग्रॅम जे दाखवतो ते सर्व्हरवरच्या स्थितीचे प्रतिबिंब असते. मग प्रोग्रॅम डिस्कवर काही ठेवतोच कशाला? ठेवतो, कारण प्रत्येक वेळी सगळे नव्याने मागवणे मंद आणि खर्चिक होते. जोडणी नसतानाही मेल वाचता यावेत, शोध झटपट व्हावा, म्हणून आणलेल्या मेलची नक्कल जवळ ठेवलेली बरी. थंडरबर्डने २००९ च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून आयमॅप खात्यांचे मेल संगणकावर उतरवून ठेवणे ही नेहमीची पद्धत केली. नक्कल पूर्ण असेल, वर्षानुवर्षांची असेल, अनेक गिगाबाइटांची असेल. तरी व्यवस्थेच्या दृष्टीने ती नक्कलच.

आणि इथेच सर्वांत महागात पडणारा गैरसमज जन्म घेतो. डिस्कवर काही गिगाबाइटांची फाईल दिसते, इंटरनेट बंद असतानाही जुने मेल उघडतात, तेव्हा वापरणाऱ्याला वाटते की आपल्यापाशी बॅकअप आहे. तो बॅकअप आहे का? नाही. बॅकअप म्हणजे मूळ प्रतीला काही झाले तरी जी बदलत नाही अशी प्रत. सिंक होणारी नक्कल म्हणजे मूळ प्रतीला जे झाले ते तत्परतेने स्वतःवर करून घेणारी प्रत. मोबाइलवर जागा कमी पडते म्हणून घरातल्या कुणी सर्व्हरवरचे जुने मेल पुसले, की पुढच्या जोडणीत डेस्कटॉपवरची नक्कलही तितकीच रिकामी होते. प्रोग्रॅमचे काही चुकलेले नसते. त्याने त्याचे काम चोख केलेले असते.

आयमॅपमध्ये पुसण्याच्याही दोन पायऱ्या आहेत. आधी मेलवर ‘पुसलेला’ अशी खूण बसते, आणि मग वेगळ्या आज्ञेने खूण केलेले सगळे मेल काढून टाकले जातात. काही प्रोग्रॅम खूण केलेले मेल आडवी रेघ मारून दाखवतात, काही ते लपवतात, काही सरळ कचरापेटीच्या फोल्डरात हलवतात. जीमेलची गोष्ट आणखी निराळी. तिथे फोल्डर नसतात, लेबले असतात. एकच मेल इनबॉक्समध्येही असतो आणि ‘सर्व मेल’ या संग्रहातही असतो. जीमेलच्या मूळ मांडणीत आयमॅपद्वारे इनबॉक्समधून काढलेल्या मेलचे फक्त लेबल सुटते आणि मेल संग्रहात राहतो. उलट, ज्या प्रोग्रॅमला जीमेलच्या खास खुणा कळत नाहीत तो एकाच मेलची दोन-तीन फोल्डरांत वेगवेगळी नक्कल उतरवतो आणि डिस्क विनाकारण भरते.

नक्कल कितपत परावलंबी असते, हे आयमॅपमधल्या एका आकड्यावरून दिसते. सर्व्हर प्रत्येक फोल्डरातल्या प्रत्येक मेलला एक वाढता क्रमांक देतो आणि फोल्डरालाच एक वैधता-क्रमांक देतो. डेस्कटॉप प्रोग्रॅमची सारी नक्कल या दोन आकड्यांच्या जोडीवर उभी असते: अमुक वैधतेच्या फोल्डरातला अमुक क्रमांकाचा मेल म्हणजे डिस्कवरचा हा मजकूर. सर्व्हर बदलला, खाते दुसऱ्या यंत्रणेत हलवले गेले, सर्व्हरवर फोल्डर नव्याने बांधले गेले, की वैधता-क्रमांक बदलू शकतो. आणि तो बदलला की नियमाप्रमाणे प्रोग्रॅमने जवळचे सर्व क्रमांक बाद मानायचे असतात. मग नक्कल फेकून सगळे पुन्हा उतरवणे सुरू होते. सर्व्हरवर सगळे जागच्या जागी असेल तर यात फक्त वेळ जातो. पण संस्थेने सेवा पुरवठादार बदलला, नव्या सर्व्हरवर जुने मेल नेण्याचे राहून गेले, आणि कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर तेच खाते नव्या पत्त्यावर वळवले गेले तर? नवा सर्व्हर सांगतो की फोल्डर रिकामे आहे, आणि नक्कल तेच खरे मानते.

आता हे सगळे डिस्कवर कोणत्या रूपात असते, ते पाहणे आवश्यक आहे. कारण फाईल ओळखता आली तर ती वाचवता येते.

थंडरबर्डचे उदाहरण सविस्तर घेण्यासारखे आहे, कारण त्याची साठवण कुणालाही उघडून पाहता येते. विंडोजमध्ये ‘ॲपडेटा’ नावाचे फोल्डर असते, ते सहसा लपवलेले असते, आणि त्याच्या पोटात थंडरबर्डचे ‘प्रोफाइल’ असते. प्रोफाइलमध्ये दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात: एकाचे नाव ‘मेल’, दुसऱ्याचे ‘आयमॅपमेल’. पहिल्यात पॉपचे मेल आणि ‘लोकल फोल्डर्स’, म्हणजे कोणत्याही सर्व्हरशी न बांधलेले फोल्डर. दुसऱ्यात आयमॅप खात्यांच्या नकला. या व्याख्यानाचा सारा विषय या दोन नावांत सामावला आहे: एक घर मुळांचे, दुसरे नकलांचे. आत गेले की प्रत्येक मेल-फोल्डरामागे दोन फाईली असतात. ‘इनबॉक्स’ या नावाची, शेपटीला कोणतेही विस्तारनाम नसलेली एक मोठी फाईल, आणि त्याच नावाची ‘एमएसएफ’ विस्तारनामाची एक छोटी फाईल. मोठीत खरा मजकूर. छोटीत विषय, पाठवणारा, तारीख यांची अनुक्रमणिका. अनुक्रमणिका बिघडली तर ती पुसून टाकली तरी चालते, थंडरबर्ड मोठ्या फाईलवरून ती पुन्हा बांधतो. मोठी फाईल बिघडली तर मात्र अनुक्रमणिकेतून मजकूर परत मिळत नाही.

ही मोठी फाईल ज्या पद्धतीने लिहिलेली असते तिला एमबॉक्स म्हणतात, आणि ती १९७० च्या दशकातल्या युनिक्सपासून चालत आलेली आहे. सगळे मेल एकापाठोपाठ एकाच फाईलमध्ये लिहिलेले, आणि प्रत्येक मेलच्या आरंभी इंग्रजी ‘फ्रॉम’ या शब्दाने आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेने सुरू होणारी एक ओळ. मेलच्या मजकुरातच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली तर? तर ती नव्या मेलची सुरुवात समजली जाऊ नये म्हणून तिच्या आधी कोनाचे एक चिन्ह टाकले जाते; जुन्या मेलमध्ये मधूनच असे निष्कारण चिन्ह दिसते त्याचे कारण बहुधा हेच. थंडरबर्ड प्रत्येक मेलच्या शीर्षभागात स्वतःची एक स्थितिदर्शक ओळ घालतो, तिच्यात चार अंकी आकडा असतो. वाचलेल्या मेलच्या आकड्यात शेवटी एक येतो. लोकल फोल्डरातून मेल पुसला की त्या आकड्यात आठाची भर पडते. एवढेच होते. पडद्यावरून मेल नाहीसा होतो, पण फाईलमध्ये त्याचा शब्द न् शब्द तसाच असतो, आणि फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत, म्हणजे पुसलेल्या मेलची जागा काढून फाईल नव्याने लिहिली जाईपर्यंत, तो तसाच राहतो. चुकून पुसलेला मेल परत मिळण्याची वाट इथे आहे, आणि पुसला असे समजून दुसऱ्याला दिलेल्या संगणकातून खासगी पत्र बाहेर पडण्याची वाटही इथेच आहे.

सगळे एका फाईलमध्ये असण्याचे तोटेही आहेत. एखाद्या मेलमध्ये विषाणू असलेली अटॅचमेंट सापडली की अँटिव्हायरस कधी कधी ती संपूर्ण फाईलच अलग ठेवतो, आणि एका मेलपायी सारा इनबॉक्स दिसेनासा होतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक मेलची स्वतंत्र फाईल करण्याची पद्धत पुढे आली. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या सर्व्हर प्रोग्रॅमसाठी १९९० च्या दशकात रचलेली मेलडिर पद्धत हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ॲपल मेलने २००५ मध्ये टायगर या प्रणालीबरोबर हाच रस्ता धरला: एका मेलला एक फाईल, आणि सर्वांची अनुक्रमणिका वेगळ्या डेटाबेसमध्ये. संगणकभर शोध घेणाऱ्या स्पॉटलाइटला एकेक मेल स्वतंत्रपणे सापडावा, हा त्यामागचा हेतू होता.

आउटलुकची पद्धत या दोहोंपेक्षा वेगळी आहे, आणि भारतीय कचेऱ्यांत आउटलुकचा वापर मोठा असल्याने ती जाणून घेणे अधिक निकडीचे आहे. आउटलुक एका खात्याचे मेल, पत्ते, भेटींचे कॅलेंडर असे सर्व एका बंदिस्त फाईलमध्ये ठेवतो. ही फाईल दोन प्रकारची असते. ‘पीएसटी’ ही स्वतंत्र फाईल आहे: पॉप खात्याचे मेल आणि वेगळे काढून ठेवलेले जुने मेल तिच्यात जातात, ती दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडता येते. ‘ओएसटी’ ही नकलेची फाईल आहे: कंपनीच्या एक्स्चेंज सर्व्हरवरचे खाते तिच्यात उतरते, आणि २०१३ च्या आवृत्तीपासून आयमॅप खात्यांसाठीही तीच वापरली जाते. त्याआधीच्या आवृत्त्यांत आयमॅपची नक्कल पीएसटीतच असे. दोन फाईली आतून फारशा भिन्न नाहीत, पण ओएसटी ज्या खात्यासाठी, ज्या प्रोफाइलमध्ये तयार झाली त्याच्याशी बांधलेली असते. आउटलुकमधून खाते काढून टाकले की ती फाईल डिस्कवर असूनही आउटलुक ती उघडत नाही. नोकरी सोडताना ‘माझे मेल सोबत नेतो’ म्हणून कुणी ओएसटीची फाईल पेनड्राइव्हवर घेतली, तर घरी जाऊन त्याला काय मिळते? आउटलुकच्या दृष्टीने काहीच नाही. (कंपनीचे मेल घरी नेण्याचा अधिकार आहे का, हा निराळा आणि गंभीर प्रश्न आहे, तो कायद्याचा आणि नोकरीच्या कराराचा आहे.)

पीएसटीलाही स्वतःचा इतिहास आहे. आउटलुकच्या २००३ पूर्वीच्या आवृत्त्यांत तिची मर्यादा दोन गिगाबाइट होती, आणि ती ओलांडली गेली की फाईल उघडतच नसे. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दिलेले साधन फाईलचा काही भाग चक्क कापून टाकत असे आणि उरलेल्याची दुरुस्ती करू देत असे. कापलेल्या भागातले मेल गेले ते गेलेच. २००३ मध्ये नवी रचना आली, मर्यादा वीस गिगाबाइटांवर आणि २०१० मध्ये पन्नासवर गेली. त्याच २०१० साली मायक्रोसॉफ्टने या फाईलची अंतर्गत रचना जाहीर केली. ही घटना फार महत्त्वाची आहे. रचना जाहीर झाल्यामुळे एका कंपनीच्या प्रोग्रॅमवाचूनही ती फाईल वाचणारी साधने इतरांना विश्वासाने बनवता येऊ लागली, आणि ज्यांच्या आयुष्याचा पत्रव्यवहार त्या फाईलमध्ये होता त्यांना त्याच्यावरचा हक्क काही अंशी परत मिळाला.

नक्कल नेहमी पूर्ण असते असेही नाही. आउटलुकमध्ये ‘किती काळाचे मेल संगणकावर ठेवायचे’ हे ठरवणारी एक सरकपट्टी असते आणि ती अनेकदा आपोआपच एक वर्षावर, लहान डिस्क असेल तर त्याहूनही कमी काळावर बसवलेली असते. त्याआधीचे मेल फक्त सर्व्हरवर असतात. थंडरबर्डमध्ये एखादे फोल्डर उतरवून ठेवण्याच्या यादीतून वगळलेले असेल, तर त्यातल्या मेलची केवळ अनुक्रमणिका जवळ असते आणि मजकूर उघडतेवेळी मागवला जातो. ॲपल मेलमध्ये अटॅचमेंट उतरवायच्या की नाही हे वेगळे ठरवता येते, आणि न उतरवलेल्या मेलची फाईल अर्धवट म्हणून नोंदलेली असते. पडद्यावरची यादी मात्र तिन्ही ठिकाणी भरलेली दिसते! यादी दिसते म्हणजे मजकूर आहे, हे गृहीत धरता येत नाही. संगणकाची जोडणी तोडून दहा वर्षांपूर्वीचा एखादा मेल अटॅचमेंटसह उघडून पाहणे, हीच त्याची खरी परीक्षा.

मग सर्व्हरवरची मूळ प्रत तरी कायमची असते का? सर्व्हर कुणाचा तरी असतो, आणि ज्याचा सर्व्हर त्याच्या अटी. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून ते लागू केले. दिवंगत व्यक्तीचे खाते कोण वापरणार? आई-वडिलांच्या, गुरूंच्या, संस्थेच्या संस्थापकांच्या मेलचा प्रश्न दुःखाच्या दिवसांत कुणाच्या मनात येत नाही, आणि मनात येतो तेव्हा मुदत उलटून गेलेली असू शकते. दुसरीकडे, पॉपच्या व्यवस्थेत मूळ प्रत ज्या संगणकावर, तो संगणक दुरुस्तीला जातो. दुरुस्त करणारा ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ यांची प्रत घेऊन डिस्क फॉरमॅट करतो, आणि लपवलेल्या फोल्डरातले मेल त्याच्या नजरेलाच पडलेले नसतात. विंडोज एक्सपीच्या काळात आउटलुक एक्स्प्रेसच्या फाईली अशाच एका लपवलेल्या फोल्डरात असत, आणि किती घरांतला पत्रव्यवहार या एका कारणाने गेला असेल याचा हिशेब कुणीही ठेवलेला नाही.

उपाय अवघड नाहीत, परंतु ते जाणीवपूर्वक करावे लागतात. आयमॅप खात्यातले महत्त्वाचे मेल थंडरबर्डच्या लोकल फोल्डरात प्रत करून ठेवले की ते सर्व्हरच्या हुकमातून सुटतात. आउटलुकमध्ये हेच काम पीएसटीत प्रत करून होते. यात ‘हलवा’ आणि ‘प्रत करा’ यांतला फरक ध्यानी धरावा लागतो, कारण हलवले तर सर्व्हरवरून मेल जातो आणि मूळ प्रत पुन्हा एकाच जागी उरते. अशा फाईलची प्रत प्रोग्रॅम बंद करूनच घ्यावी. उघडी पीएसटी दुसऱ्या संगणकाच्या सामायिक फोल्डरात किंवा सतत सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरात ठेवली तर ती बिघडण्याचा धोका मोठा असतो. जीमेलचे संपूर्ण खाते गूगलच्या ‘टेकआउट’ सेवेतून उतरवून घेता येते, आणि ते मिळते कोणत्या रूपात? त्याच जुन्या एमबॉक्समध्ये. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांनी लेखक-संशोधकांचे ई-मेल संग्रह अभ्यासासाठी सिद्ध करण्याकरिता ‘ईपॅड’ हा प्रोग्रॅम तयार केला, त्यालाही एमबॉक्स चालतो. साध्या, उघड, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या रूपाचे आयुष्य इतके मोठे असते. महाराष्ट्रातील ग्रंथालये आणि संशोधन संस्था हस्तलिखिते स्वीकारतात, वह्या स्वीकारतात, पत्रांची पाकिटे स्वीकारतात. दिवंगत लेखकाचा संगणक त्यांच्या दाराशी आला तर त्यातला पत्रव्यवहार काढून घेण्याची तयारी त्यांच्यापाशी आता असायला हवी.

त्या दिवशी मराठी पत्रव्यवहारापुरत्या दोन अडचणी हमखास पुढे उभ्या राहतील. पहिली अशी की एमबॉक्स फाईल साध्या मजकुराची असली तरी तिच्यात मराठी शब्द डोळ्यांनी सापडत नाही. मेलची वाहतूक मुळात मोजक्या रोमन अक्षरांसाठी आखलेली असल्याने देवनागरी मजकूर सांकेतिक रूपात प्रवास करतो आणि त्याच रूपात साठवला जातो. युनिकोडच्या प्रचलित लेखनपद्धतीत ‘क’ या अक्षराला तीन बाइट लागतात, आणि एका संकेतात त्यातला प्रत्येक बाइट बरोबरचे चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरे असा लिहिला जातो: बरोबर ई-शून्य, बरोबर ए-चार, बरोबर नऊ-पाच. एका ‘क’साठी नऊ चिन्हे! नोटपॅडमध्ये फाईल उघडून ‘पुणे’ हा शब्द शोधला आणि सापडला नाही, म्हणून मराठी मेल गेले असा निष्कर्ष काढून फाईल टाकून देणे ही चूक होईल. तीच फाईल मेल प्रोग्रॅमला दाखवली की अक्षरे जशीच्या तशी उमटतात.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मेल शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फॉन्टांत लिहिले जात. त्या मेलमध्ये मराठी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि ठरावीक फॉन्ट लावला की त्यांच्या जागी देवनागरी आकृत्या दिसतात. विषयाच्या ओळीला फॉन्ट लावता येत नसल्याने ती बहुधा इंग्रजीत लिहिलेली असते, आणि आतला मजकूर फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक खुणांची रांग होऊन बसतो. फॉन्टाचे नाव मेलमध्ये नोंदलेले असेल तर रूपांतर करणारी साधने त्याला युनिकोडमध्ये आणू शकतात, कारण प्रत्येक फॉन्टाची अक्षरमांडणी वेगळी असते आणि साधनाला ती आधी सांगावी लागते. परंतु साध्या मजकुराच्या मेलमध्ये फॉन्टाचे नाव लिहिलेलेच नसते. ते फक्त वाचणाऱ्याच्या संगणकाच्या मांडणीत असते. म्हणून जुन्या संगणकातून मेलच्या फाईली काढून घेताना विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ या फोल्डराचीही प्रत घ्यावी लागते, आणि तोही संगणक उरला नसेल तर त्या काळी आपण कोणत्या फॉन्टात लिहीत होतो हे पत्र लिहिणाऱ्यांना आणि ज्यांना ती आली त्यांना, ते आपल्यात आहेत तोवर, विचारून मेलच्या फाईलीशेजारी एका साध्या कागदावर नोंदवून ठेवावे लागते.